कर्ता माणूस घरात नसेल तेव्हा मुलांना मिळणारे शासकीय साहाय्य

(शेतकरी महिला मेळाव्यात गृहविज्ञान विस्तार शाखेच्या निवृत्त प्राध्यापिकेने दिलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी परसबाग आणि मुलांचा आहार या विषयावर बोलावे असे ठरले होते. परसबागेचे बियाणे तुम्हाला जाताना मिळेलच आणि लागवडीची माहिती त्या पुडीवर छापलेली आहे. मी मात्र संयोजकांची परवानगी घेऊन विषय बदलला आहे. कारण सांगते.

मागच्या हंगामात एका गावी आहारावरचे प्रात्यक्षिक संपल्यावर एक आजी थांबल्या. सोबत दोन नाती, एक पाचवीत आणि एक दुसरीत. आजी म्हणाल्या, "बाई, शेंगदाण्याचा लाडू करा म्हणता ते खरं, पण शेंगदाणे आणू कशाचे?" विचारपूस केली. मुलगा चार वर्षांपूर्वी कामाला म्हणून शहरात गेला. पहिले सहा महिने पैसे आले, मग फोनही बंद झाला. सून वर्षभर वाट पाहून माहेरी गेली, पुढे तिचे दुसरे लग्न लागले. मुली आजीकडे राहिल्या. मी विचारले, "मुलींसाठी कुठे अर्ज केला का?" आजी म्हणाल्या, "कशाचा अर्ज? त्यांचे आई-बाप जिवंत आहेत. सरकारी मदत बाप मेलेल्या पोरांना असते."

हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. आई-बाप मरण पावले असतील तरच मूल साहाय्यास पात्र होते असे नाही. बाप परागंदा झाला, आईने सोडले, पालक अंथरुणाला खिळला, मनोरुग्ण झाला, तुरुंगात गेला, तरी त्या मुलाचा विचार व्हावा अशी तरतूद कायद्यात आणि योजनांत आहे. अडचण येते ती कागदाची. मेलेल्या माणसाचा दाखला ग्रामपंचायत देते. निघून गेलेल्या माणसाचा दाखला कोण देणार? आज मुख्यतः त्याबद्दल बोलायचे आहे.

कोणते मूल पात्र ठरते?

आपल्या राज्यात बालसंगोपन योजना महिला व बाल विकास विभाग चालवतो. २०२३ साली तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि दर मुलामागे दरमहा मिळणारे अनुदान १,१०० रुपयांवरून २,२५० रुपये करण्यात आले. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते ४२५ रुपयेच होते. या योजनेचा हेतू असा की, आई-बापाचा आधार तुटलेल्या मुलाला अनाथाश्रमात किंवा बालगृहात पाठवण्यापेक्षा त्याला घरीच, आपल्या माणसांत वाढू द्यावे आणि त्यासाठी घराला हातभार लावावा. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत हे साहाय्य मिळू शकते.

यात कोण येते ते नीट ऐका. दोन्ही पालक नसलेली मुले तर आहेतच. ज्यांच्या पालकांचा शोध लागत नाही अशी मुले आहेत. ज्यांना एकच पालक उरला आहे अशी मुले आहेत, मग दुसरा पालक मृत्यूमुळे नसो, घटस्फोटामुळे नसो, विभक्त राहत असल्यामुळे नसो की सोडून गेल्यामुळे नसो. अविवाहित मातेची मुले आहेत. पालक गंभीर आजारी किंवा रुग्णालयात असल्यामुळे अडचणीत आलेली मुले आहेत. कुष्ठरुग्ण, एचआयव्हीबाधित आणि जन्मठेपेची शिक्षा भोगणाऱ्या पालकांची मुले आहेत. म्हणजे बाप जिवंत आहे की नाही यापेक्षा मुलाचे संगोपन करणारे माणूस घरात उरले आहे की नाही, हे इथे पाहिले जाते.

दुसरे साहाय्य केंद्र शासनाच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाचे. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यात मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. विधवा, घटस्फोटित किंवा घरच्यांनी टाकून दिलेल्या आईची मुले, नातेवाइकांकडे राहणारी अनाथ मुले, पालकांना जीवघेणा आजार जडलेली मुले आणि ज्यांचे पालक शरीराने व पैशाने मुलांचा सांभाळ करण्यास असमर्थ झाले आहेत अशी मुले त्यात बसतात. मात्र येथे उत्पन्नाची मर्यादा आहे. ग्रामीण भागात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत आणि इतरत्र ९६,००० रुपयांच्या आत हवे. एकाच मुलाला दोन्ही योजनांचे पैसे मिळत नाहीत. कोणती लागू पडेल हे जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्यावे. चार हजाराची मोठी म्हणून तीच हवी असा हट्ट धरून बसू नये. त्या योजनेत किती मुलांना घेता येईल हे उपलब्ध निधीवर ठरते, आणि वाट पाहण्यात वर्ष निघून जाते.

बालसंगोपन योजनेत मंजुरी बाल कल्याण समितीकडून घेतली जाते. ही समिती बाल न्याय अधिनियम २०१५ खाली प्रत्येक जिल्ह्यात असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. ज्याचे पालक सांभाळ करण्यास असमर्थ ठरले आहेत किंवा ज्याला पालकांनी टाकून दिले आहे, ते मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल होय असे हा कायदा म्हणतो, आणि तसे ठरवण्याचा अधिकार या समितीला आहे. समितीला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत हे ऐकून बायका घाबरतात. पोराला उचलून बालगृहात टाकतील की काय असे त्यांना वाटते. समितीपुढे मुलाला घेऊन जावे लागते हे खरे. पण या योजनांचा उद्देशच मूल घरी राहावे हा आहे, हे लक्षात असू द्या.

गैरहजेरीचा पुरावा

आता मुख्य अडचणीकडे येते. त्या आजींना मी विचारले की, मुलगा हरवल्याची तक्रार पोलीस ठाण्यात दिली होती का? त्या म्हणाल्या, "नाही बाई. गावात विचारलं की सांगायचे, कामाला आहे पुण्याला. पोलिसात गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं." चार वर्षे त्या हेच सांगत होत्या. शाळेच्या दप्तरात बापाचा व्यवसाय 'नोकरी' असा लिहिलेला होता. शिधापत्रिकेवर त्याचे नाव तसेच होते. उत्पन्नाचा दाखला काढताना त्याचे उत्पन्न अंदाजाने धरले गेले होते. कागदोपत्री त्या मुलींना शहरात नोकरी करणारा बाप होता आणि प्रत्यक्षात घरी आजीची रोजंदारी. लाजेपायी आपण जे तोंडी सांगतो ते कुठेतरी कागदावर जाऊन बसते आणि नंतर आपल्याच नातवंडांच्या आड येते.

म्हणून कर्ता माणूस निघून गेला आणि महिना-दोन महिने ठावठिकाणा लागला नाही की पहिले काम पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करणे. तिची प्रत मागून घ्या आणि जपून ठेवा. तिच्यावरची तारीख फार महत्त्वाची आहे. एखाद्या माणसाबद्दल, ज्यांना त्याची खबर लागायला हवी अशा त्याच्या जवळच्यांनी सात वर्षे काही ऐकले नाही, तर तो मृत आहे असे मानण्यास कायद्यात वाव आहे. ही तरतूद जुन्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्यासाठी बहुधा न्यायालयात जाऊन तसे ठरवून घ्यावे लागते. जमिनीच्या वारसाचे, बँकेतल्या पैशाचे काम तोवर अडते. सात वर्षे कधीपासून मोजायची हा प्रश्न आला की तक्रारीची तारीख कामी येते. तक्रारच नसेल तर साक्षीदार गोळा करत बसावे लागते. मुलाच्या बालसंगोपनासाठी मात्र सात वर्षे थांबण्याचे कारण नाही, हे ध्यानात ठेवा. पुष्कळांना दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

माणूस हरवला नसून बायको-मुलांना सोडून दुसरीकडे राहत असेल तर हरवल्याची तक्रार चालणार नाही. तिथे पोटगीचा अर्ज हा मार्ग आहे. पूर्वी आपण ज्याला १२५ कलम म्हणत होतो ते आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ कलम झाले आहे. त्याखाली बायको आणि मुले दोघांनाही निर्वाह खर्च मागता येतो. पोटगी हाती पडेल की नाही सांगता येत नाही, आणि तुम्हाला खोटी आशा दाखवण्यात अर्थ नाही. तरी न्यायालयाचा आदेश किंवा नुसता दाखल झालेला अर्जसुद्धा, नवरा सांभाळत नाही याचा लेखी पुरावा होतो. वकिलाच्या खर्चाची भीती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समितीचे काम चालते. तिथे साधा अर्ज द्यायचा.

याशिवाय गावातले लहान लहान कागदही उपयोगी पडतात. शाळेच्या दप्तरात पालक म्हणून आता कोण सही करते, त्याची नोंद बदलून घ्या. मुले आजीकडे राहत असतील तर त्यांची नावे आजीच्या शिधापत्रिकेवर घ्या. अंगणवाडीच्या नोंदवहीत, पोलीस पाटलाच्या माहितीत खरी परिस्थिती जाऊ द्या. अर्ज गेल्यावर बाल संरक्षण कक्षाचे कर्मचारी घरी येऊन चौकशी करतात, शेजारीपाजारी विचारतात. त्या वेळी शेजारीण म्हणाली की "त्याचा बाप पुण्याला कामाला आहे," तर अहवालात तेच उतरते. त्या आजींच्या बाबतीत पहिल्या भेटीत हेच घडले. शेजारणीने आजीची अब्रू राखायला म्हणून तसे सांगितले होते! पुढे त्याच शेजारणीने खरे काय ते लेखी दिले, तेव्हा काम मार्गी लागले.

पालक घरात आहे, पण असमर्थ आहे

पक्षाघात झालेला बाप, विहिरीच्या कामावर कंबर मोडलेला बाप, कर्करोगाने खंगलेली आई. अशा घरांत बाप 'आहे' म्हणून लोक अर्जच करत नाहीत. येथे लागणारा कागद म्हणजे शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र. कायमचे अपंगत्व असेल तर जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला आणि वैश्विक ओळखपत्र काढून घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजारही आहे. ही गोष्ट गावात फार थोड्यांना माहीत असते. डोके फिरलेला बाप गावभर हिंडतो, पोरांना मारतो, त्याला कोणी दवाखान्यात नेत नाही, आणि म्हणून त्याच्या मुलांकडे दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नसते. उपचारासाठी तर त्याला न्यायचेच आहे. त्या निमित्ताने मुलांचाही मार्ग मोकळा होतो.

अशा घरात आणखी एक अर्ज करता येतो, तो पालकाच्या स्वतःच्या नावाने. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अपंग, क्षयरोग, कर्करोग, पक्षाघात यांसारख्या आजारांनी काम करू न शकणारे, निराधार विधवा, परित्यक्ता, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या स्त्रिया यांना साहाय्य आहे, आणि अठरा वर्षांखालील अनाथ मुलेही त्यात आहेत. अनुदानाची रक्कम २०२३ साली दरमहा १,५०० रुपये झाली. हा अर्ज तहसील कार्यालयात जातो, बालसंगोपनाचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याकडे जातो. दोन खाती वेगळी, त्यामुळे एका ठिकाणी नकार आला म्हणून दुसरीकडे जायचे थांबू नका.

दारूचे काय, असे बऱ्याच भगिनी विचारतात. नवरा घरात आहे, धडधाकट आहे, पण मिळवलेले सगळे पितो. खरे सांगायचे तर या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. नुसते दारू पिणे हे योजनेतले कारण नाही. बाप सांभाळ करण्यास अयोग्य आहे असे समितीने ठरवले तर गोष्ट वेगळी, पण ते ठरायला पुरावा लागतो, आणि नवऱ्याविरुद्ध असे लिहून देऊन त्याच घरात राहायचे हे बाईला किती अवघड असते ते मला माहीत आहे. व्यसनामुळे यकृत बिघडले, मेंदूवर परिणाम झाला, दवाखान्यात ठेवावे लागले, तर ते आजाराच्या सदरात येऊ शकते. मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते.

मृत्यू झाला असेल तर

येथे कागद सोपे, पण चुका वेगळ्या. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. शेतात साप चावून, विजेचा धक्का बसून, वीज पडून, विहिरीत पडून माणूस गेला की आपल्याकडे घाईने अंत्यविधी उरकतात. शवविच्छेदन नको, पोलीस नको असे म्हणतात. मग अपघाताचा पुरावाच राहत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, यांच्या अपघाती मृत्यूस दोन लाख रुपये आहेत. दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यासही तितकेच आणि एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख. अर्ज तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावा. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल नसेल तर अधिकाऱ्याची इच्छा असूनही त्याचे हात बांधलेले असतात.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कर्ता माणूस कोणत्याही कारणाने मरण पावला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये आहेत. त्याचा अर्ज तहसीलमध्ये करायचा.

शेतकरी आत्महत्येच्या घरांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते. २००६ पासून अशा घराला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३०,००० हाती आणि ७०,००० ठेवीच्या रूपाने. पण त्यासाठी जमीन, कर्ज, कर्जाचा तगादा हे निकष आहेत, आणि पुष्कळ प्रकरणे 'अपात्र' ठरतात. जमीन भावाच्या नावावर होती, कर्ज खासगी सावकाराचे होते आणि त्याच्याकडे परवाना नव्हता, अशी कारणे असतात. 'अपात्र' असा शेरा आला की ती बाई घरी बसते. तिला वाटते सरकारने आपल्याला सगळ्यातूनच काढले. तसे नाही. तो शेरा फक्त त्या एक लाखापुरता. तिच्या मुलांचे बालसंगोपन हे बाप राहिला नाही या एका गोष्टीवर उभे आहे, तो का गेला यावर नाही. तिचा स्वतःचा संजय गांधीचा अर्जही वेगळा विचारात घेतला जातो. ही एवढी गोष्ट ज्यांनी सांगायला हवी ते सांगत नाहीत, याची मला चीड येते. तुमच्या गावात असे घर असेल तर आज संध्याकाळीच जाऊन सांगा.

दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. कोरोनात दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य शासनाने २०२१ साली पाच लाखांची ठेव ठेवली, आणि केंद्राच्या पीएम केअर्स योजनेतून वयाच्या २३ व्या वर्षी दहा लाख मिळतील अशी व्यवस्था केली. ज्यांच्या घरी अशी मुले आहेत त्यांनी ठेवीची कागदपत्रे एकदा तपासून बघावीत. अनाथांसाठी राज्यात २०१८ पासून शिक्षण व नोकरीत एक टक्का समांतर आरक्षणही आहे. त्याला महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते. एक पालक जिवंत असेल तर ते मिळत नाही.

जमीन आणि अज्ञान मूल

बाप वारल्यावर तीन महिन्यांच्या आत वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा. मुले लहान असली तरी त्यांची नावे सातबाऱ्यावर लागलीच पाहिजेत. त्यांच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून आईचे नाव येते. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दीर म्हणतात, "पोरं मोठी झाल्यावर बघू, आत्ता काकाच्या नावावर राहू दे." असे राहू देऊ नका. अज्ञान मुलाची जमीन आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हे १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात आहे. आजी-आजोबा, काका, मामा हे तर कायद्याने आपोआप पालकही होत नाहीत. मूल सांभाळणे वेगळे आणि त्याच्या मालमत्तेचे पालक होणे वेगळे. बालसंगोपनात मूल आजीकडे दिले म्हणून आजीला त्याची जमीन विकता येत नाही, आणि ते बरेच आहे.

बापाच्या नावावर पीएम किसानचे पैसे येत असतील तर मृत्यूची माहिती देऊन वारसाने नव्याने नोंदणी करावी. मृत माणसाच्या खात्यातून पैसे उचलत राहिल्यास ते वसूल होतात.

ऊसतोडीला गेलेले आई-बाप

आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्याला जातात त्या उन्हाळ्यापर्यंत. पाच-सहा महिने मुले आजीकडे असतात. ही गैरहजेरीच आहे, पण हंगामी. एवढ्यावरून मूल बालसंगोपनाला पात्र ठरत नाही, आणि तसा खोटा अर्ज करून देणारे दलाल भेटतील, त्यांच्यापासून सावध राहा. या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह सुरू करता येते. त्याची मागणी शाळा व्यवस्थापन समितीने हंगामाच्या आधी करायला हवी, टोळी गेल्यावर नाही. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही सुरू झाली. शिधापत्रिकेवरचे धान्य थोडे गावी आणि थोडे कारखान्याच्या ठिकाणी असे उचलता येते. सगळे तिकडे उचलले गेले तर इकडे आजी आणि पोरे रिकाम्या हाताने परततात. तेव्हा जाण्यापूर्वी घरात बोलून ठरवा.

अर्ज करताना

मुलाचे आणि सांभाळणाऱ्याचे आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड दाखला, जन्माचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी पुरावा, शिधापत्रिकेची प्रत, पालकाचा मृत्यूचा दाखला किंवा गैरहजेरीचा वा आजाराचा पुरावा, बँक पासबुकाची प्रत आणि घरासमोर मूल व सांभाळणारी व्यक्ती यांचे छायाचित्र, एवढे जमवावे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी स्वयंघोषणापत्र भरताना निघून गेलेल्या माणसाचे उत्पन्न सवयीने लिहू नका. तो काही पाठवत नाही असे स्पष्ट लिहा. बँकेत खाते चालू आहे की नाही, आधारशी जोडले आहे की नाही हे आधीच पाहा. मंजुरी येऊनही खात्याच्या घोळामुळे वर्षभर पैसे न मिळालेली मुले मी पाहिली आहेत.

मंजुरीच्या आधीच्या महिन्यांचे पैसे कोणी भरून देत नाही. त्या आजींची चार वर्षे गेली ती गेलीच. मंजुरीनंतरही परिस्थितीची पुन्हा तपासणी होते, त्यामुळे दर वर्षी जूनमध्ये शाळेचा नवा दाखला काढून द्यायचा. शाळेतली हजेरी बघतात. बाप परत आला, आईने पुन्हा लग्न केले, मूल दुसऱ्या गावी गेले, तर कळवायला हवे. कळवले म्हणजे लगेच पैसे बंद होतातच असे नाही, समिती परिस्थिती पाहून ठरवते. पण लपवलेले उघडकीस आले तर पुढचा अर्ज कोणी विश्वासाने वाचत नाही.

गावात कोणाला विचारावे? ग्राम बाल संरक्षण समिती प्रत्येक गावात असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि अंगणवाडी सेविका तिच्यात असतात. कित्येक गावांत ही समिती फलकावरच आहे. ग्रामसभेत विचारा की शेवटची बैठक कधी झाली. मूल संकटात असेल तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे.

आजींच्या दोन्ही नातींचे अनुदान मागच्या मार्च महिन्यापासून सुरू झाले. मुलाचा अजून पत्ता नाही. पोलीस ठाण्यातली तक्रार आता नोंदलेली आहे.

बालसंगोपनाच्या अर्जाचे कोरे नमुने मी सोबत आणले आहेत, ते बियाण्याच्या टेबलाजवळ ठेवले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आमच्या विद्यार्थिनी अर्ज भरून देतील. चहानंतर मी तिथेच बसते. चारचौघांत विचारायला संकोच वाटत असेल त्यांनी मागच्या खोलीत यावे.